पुण्यात असलेला मी

आमच्या घरात त्या वर्षांत बोलणं कमी आणि आवाज जास्त होते. पहाटे आप्पा उठून स्टोव्हला पंप मारायचे, तो आवाज मला झोपेत ऐकू यायचा. मग चहाच्या भांड्यावर पकड आपटल्याचा आवाज, मग बुद्धाच्या मूर्तीपुढं उभं राहून हळू आवाजात म्हटलेली वंदना, मग रेडिओची खरखर आणि बातम्या. शेवटी भाकरी थापल्याचा. आई गेल्यापासून भाकरी आप्पाच करत. सुरुवातीला त्या कडेला चिरायच्या आणि तव्यावर तुकडे पडायचे, पण माणूस हट्टी. दोन-तीन महिन्यांत त्यांनी अशी भाकरी जमवली की शेजारच्या मावशी बघायला आल्या होत्या. भाकरी, कांदा-लसणाची चटणी आणि मुगाची आमटी, रोज हेच. रविवारी मात्र सकाळपासून मटणाचा रस्सा शिजत असायचा, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात पाटावर बसून आम्ही दोघं समोरासमोर घाम पुसत तो खायचो. वाढू का, पुरे, मीठ द्या, एवढंच बोलणं व्हायचं.

असं आधीपासून नव्हतं. आप्पा प्राथमिक शाळेत मास्तर. शाहूवाडी तालुक्यातल्या खेड्यापाड्यांतून त्यांनी उभी नोकरी केली आणि कोल्हापुरात उपनगराच्या टोकाला दोन खोल्या बांधल्या, त्या माझ्या आणि अक्काच्या शिक्षणासाठी. अक्का बारावीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन इचलकरंजीला गेली. राहिलो मी. मी मोठा साहेब व्हावं असं त्यांनी मनात ठरवलेलं होतं. कुठला साहेब हे त्यांनाही नक्की माहीत नसावं, पण टेबलापलीकडं खुर्चीत बसणारा, एवढं नक्की. आई गेली त्या वर्षी मी कॉलेजात होतो. वर्गात बसलो की मला काहीच ऐकू यायचं नाही. वाईट संगत वगैरे काही नव्हती. मला नुसतं बसवत नव्हतं. गाडी चालवताना मात्र बरं वाटायचं, डोळ्यांपुढून रस्ता सरकत असला की छातीवरचं ओझं थोडं हलायचं. मी परीक्षेला बसलोच नाही, लायसन काढलं आणि बांबवड्याकडच्या एका दूधवाल्या पाटलाच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून लागलो. आप्पांना सांगितलं तेव्हा ते वह्या तपासत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि पुढची वही घेतली. भांडले असते तर फार बरं झालं असतं, असं आज पन्नाशी उलटल्यावरही मला वाटतं.

सीटा भरल्याशिवाय न हलणाऱ्या त्या जीपगाड्यांना आमच्याकडं वडाप म्हणतात. कोल्हापूर ते मलकापूर हा माझा रस्ता. पुढच्या सीटवर चौघं-पाचजणं कोंबली की ड्रायव्हरनं अर्धं अंग दाराबाहेर काढून गाडी चालवायची, ही तेव्हाची रीत होती. गिअर टाकायचा तर कुणाच्या तरी गुडघ्याला म्हणायचं, पावणं, जरा सरका. मागं दुधाच्या किटल्या, कोंबड्या, बाजाराच्या पिशव्या, लेकुरवाळ्या बाया. इतकी माणसं अंगाला चिकटलेली असायची आणि दिवसभरात माझ्याशी कुणी बोलायचं नाही. ती एकमेकांशी बोलायची, माझ्या डोक्यावरनं, माझ्या मानेमागनं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न मोडलं, सगळं मला ठाऊक असायचं. मला फक्त एवढंच म्हणायची, “ए डायवर, थांबीव की हितं.” पन्हाळ्याच्या फाट्यावर गाडी रिकामी झाली की मी कधी कधी इंजिन बंद करून बसायचो. ती शांतता मला खायला उठायची आणि मी उगाचच हॉर्न वाजवून बघायचो.

पोलीस हा त्या धंद्यातला रोजचाच भाग. समोरून येणारा ड्रायव्हर डोक्यावर तळहात ठेवून गेला की समजायचं, पुढं टोपी उभी आहे. मग जादाची माणसं अलीकडंच उतरायची, उसाच्या बांधानं चालत जायची आणि नाका ओलांडला की पुन्हा गाडीत चढायची. म्हाताऱ्यासुद्धा हसत हसत चालायच्या. पकडलंच तर हवालदार शिट्टी मारायचा, चार शिव्या द्यायचा, कधी दंड करायचा, कधी सोडायचा. मला त्याची लाज अशी वाटली नाही. खरं सांगायचं तर एक जाडा हवालदार होता, तो मला अडवून “जेवलास का रं?” असं विचारायचा, आणि त्यानं अडवलं की मला बरंच वाटायचं.

एके दिवशी सकाळी एसट्या बंद होत्या. कशानं ते आता आठवत नाही. जीपच्या अड्ड्यावर जत्रेसारखी गर्दी झालेली. मी दारात उभा राहून “मलकापूऽर, बांबवडे, मलकापूऽर!” असा ओरडत होतो, आणि गर्दीत मला आप्पा दिसले. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर शाळेला उशीर होत असल्याची काळजी. त्यांची शाळा बांबवड्याच्या पुढं होती आणि ते रोज पास काढून एसटीनं जात. माझ्या गाडीत ते कधीही बसले नव्हते. मी ओरडायचा थांबलो. बाकीच्या गाड्या भरून निघून गेल्या होत्या, माझीच उरली होती. मी पुढच्या सीटवरच्या एका पोराला मागं पिटाळलं आणि जागा केली. म्हणालो, “आप्पा, पुढं बसा.” ते माझ्याकडं न बघता मागं गेले आणि आडव्या बाकड्यावर, बायांच्या आणि किटल्यांच्या मध्ये, पिशवी मांडीवर घेऊन बसले.

मी गाडी इतकी जपून कधीच चालवली नसेल. खड्डा आला की मला वाटायचं, आता मागं त्यांचं डोकं लागलं असेल. आरशात ते मला अर्धेच दिसत होते, एक कान आणि सदऱ्याची कॉलर. एवढ्या दिवसांनी आम्ही दोघं एका दिशेला तोंड करून कुठंतरी चाललो होतो. मला वाटत होतं, उतरताना ते काहीतरी बोलतील. बरी चालवतोस, एवढंही चाललं असतं. त्या नादात समोरून येणाऱ्या गाड्यांकडं माझं लक्ष राहिलं नाही. वळण घेतलं आणि शिट्टी वाजली.

नेहमीचे हवालदार बाजूला उभे होते. पुढं होता नवीन फौजदार. तिशीतला, सडपातळ, कडक इस्त्रीचा. त्याची बदली नुकतीच झाली होती आणि तो मारका आहे असं अड्ड्यावर बोललं जात होतं.

“उतर खाली.”

मी उतरलो. त्यानं गाडीला एक फेरी मारली, टपावर बसलेली दोन माणसं बघितली.

“माणसं हायत का पेंढ्या भरल्यास?”

“साहेब, एसटी बंद हाय. मान्सं खोळंबल्याती. त्यातनंच...”

मला पुढं बोलता आलं नाही. त्याचा हात माझ्या कानाखाली बसला. इतका जोरात की मी जीपच्या मडगार्डवर कलंडलो. कानात शिट्टी वाजायला लागली, ती थांबेचना. मागनं एक म्हातारी म्हणाली, “आगं बया, लेकराला कशाला मारतोस रं?” फौजदार तिच्यावर ओरडला, “सगळे उतरा खाली! गाडी जमा होणार!”

माणसं कुरकुरत उतरायला लागली. किटल्या उतरल्या, पोरं उतरली. मी गालावर हात ठेवून उभा होतो आणि माझ्या मनात एकच होतं, की आप्पांनी हे बघितलं. सगळ्यांत शेवटी ते उतरले. फौजदाराची नजर त्यांच्यावर गेली आणि त्याचा चेहराच बदलला. त्यानं टोपी काढून काखेत धरली, भराभरा पुढं झाला आणि रस्त्यातच वाकून आप्पांच्या पायाला हात लावला.

“गुरुजी! मी प्रकाश. ओळखलंत की न्हाई? सातवीला हुतो तुमच्याकडं. तुम्ही घरी बसवून शिकवलंत म्हणून मी स्कॉलरशिपला लागलो.”

आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.  “ओळखलं की. मोठा झालास.”

“तुमच्यामुळंच गुरुजी. आणि तुम्ही असल्या वडापात? मला निरोप धाडायचा की, गाडी पाठवली असती.” मग तो हवालदारांकडं वळून अभिमानानं म्हणाला, “आमचे गुरुजी. हे नसते तर मी गुरं राखत बसलो असतो.” आणि पुन्हा आप्पांकडं वळून त्यानं विचारलं, “मिलिंद कसा हाय? पुण्यातच न्हवं अजून? गेल्या वर्षी आमच्या अण्णाच्या लग्नात तुम्ही घरच्यांना म्हणालात, कंपनीत लागलाय म्हणून. लहान असताना त्याला खांद्यावर घेऊन वड्याला पवायला न्यायचो मी. आता मला ओळखायचा न्हाई तो.”

मिलिंद म्हणजे मी. मी तिथंच उभा होतो, हाताच्या अंतरावर.

 आप्पांनी पिशवीचा बंद एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. माझ्याकडं बघितलं नाही, त्याच्याकडंही नाही. उसाच्या फडाकडं बघत म्हणाले, “हो. बरा आहे.”

माझ्या कानात ती शिट्टी वाजतच होती, पण हे शब्द मला अगदी स्वच्छ ऐकू आले. पुण्याला मी तोवर एकदाही गेलो नव्हतो.

फौजदारानं हवालदाराला सांगितलं, “गुरुजींना आपल्या गाडीतनं शाळेपर्यंत सोडून या.” मग त्याला माझी आठवण झाली. तो माझ्याजवळ आला, मघाचा राग आता उतरला होता. “जा. गाडीत गुरुजी हुते म्हणून सोडतोय. टपावरची न्हाई घ्यायची परत. आणि पाया पड त्यांच्या. त्यांच्या पुण्याईनं सुटलास.”

मी हललो नाही. त्याला वाटलं मी मग्रुरी करतोय. “पाया पड म्हणतोय न्हवं?”

मी गेलो आणि वाकलो. आप्पांच्या पायात टायरच्या टाचा मारलेल्या जुन्या कोल्हापुरी चपला होत्या आणि बोटांवर रस्त्याची धूळ होती. मी हात लावला तसा त्यांनी पाय थोडासा मागं घेतला. “असू दे, असू दे,” ते म्हणाले, जसं कुणाही परक्या पोराला म्हणतात तसं. मग ते पोलिसांच्या गाडीत पुढं बसले आणि गाडी निघून गेली. माझी माणसं पुन्हा जीपमध्ये चढली. मघाची म्हातारी पुढं येऊन बसली आणि तिनं पिशवीतला पेरू माझ्या हातात दिला. म्हणाली, “खा रं. आईबाप हायत का?” मी म्हणालो, “हायत.” आणि गिअर टाकला.

त्या संध्याकाळी घरी आलो तर आप्पांनी आमटी-भाकरी करून माझं ताट झाकून ठेवलं होतं. ते आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. झोपले नव्हते, झोपल्यावर ते घोरायचे. मी जेवलो, ताट धुतलं. माझा गाल सुजला होता, आरशात बघितला. दुसऱ्या दिवशीही स्टोव्ह, वंदना, रेडिओ, भाकरी. ते एसटीनं गेले, मी जीप घेऊन.

मला कुणाशी तरी बोलायचं होतं म्हणून सुट्टीच्या दिवशी इचलकरंजीला अक्काकडं गेलो. तिच्या घराच्या भिंतीपलीकडं यंत्रमागांची शेड, खटखट, खटखट दिवसभर चालू. तिथं सगळे ओरडूनच बोलतात. मी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले, पण तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“तुला ठाऊक हुतं?” मी विचारलं.

“मलाबी तसंच सांगाय सांगितलंतं आप्पांनी,” ती म्हणाली. “हितं सासरी सगळ्यांना तू पुण्यात हाईस असंच ठाऊक हाय. म्हणून तर तुला जीप घेऊन येऊ नको म्हणते मी.” मग माझं तोंड बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. “ते वाईट न्हाईत रं मिलू. त्यांना दुखतंय.”

तेवढ्यात तिची सासू आली आणि म्हणाली, “काय पावणं, पुण्यात पाऊसपाणी काय म्हणतंय?” अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “बरं हाय.” चहा पिऊन मी निघालो.

पुढचे काही आठवडे मी कसे काढले ते सांगता येणार नाही. सांगण्यासारखं काही घडलंही नाही. रस्त्यावरून जाता-येता माझ्या मनात तो दुसरा मिलिंद यायचा, तो खोली घेऊन राहतोय, इस्त्रीचा शर्ट घालून कामाला चाललाय. मला त्याचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा, कारण आप्पा त्याच्याविषयी चार लोकांत बोलत होते. मनात आलं की खरंच निघून जावं पुण्याला, म्हणजे सगळंच जुळेल. पण घरी एकट्या आप्पांनी पाटावर बसून जेवायचं, हे मला डोळ्यांपुढं आणवत नव्हतं.

मग एका दुपारी त्याच वळणावर पुन्हा शिट्टी झाली. गाडी फार भरलेली नव्हती. फौजदार स्वतः चालत आला. मी उतरलो आणि नकळत एक हात गालाजवळ नेला. त्यानं ते बघितलं.

“लायसन काढ.”

मी दिलं. त्यानं ते उघडलं आणि बराच वेळ वाचत राहिला. त्यावर माझं नाव होतं, मधे आप्पांचं नाव होतं, आडनाव होतं. त्या दिवशी त्यानं लायसन मागितलंच नव्हतं. तो मला आंब्याच्या झाडाखाली घेऊन गेला, माणसांपासून लांब.

“गुरुजी आल्ते,” तो म्हणाला. “ठाण्यात. शाळा सुटल्यावर चालत आले. मी खुर्ची दिली, बसले न्हाईत. माझी चार माणसं हुती खोलीत, त्यांना बाहेर घालवू का म्हटलं तर नको म्हणाले. म्हणाले, प्रकाश, त्या दिवशी तू मारलंस तो माझा मिलिंद. पुण्यात माझं कोणी नाही. हे मी तिथंच सांगायला पाहिजे होतं, माझी जीभ उचलली नाही.”

माझं लायसन अजून त्याच्याच हातात होतं. 

“आणि म्हणाले, गुन्हा केला असंल तर दंड कर. पण हात उचलायला मी तुला शिकवलं नव्हतं.” एवढं बोलून तो रस्त्याकडं बघत राहिला. एक ट्रक गेला, धूळ उडाली. “तुझी आई मला ताक द्यायची,” तो म्हणाला. “गेली ते मला ठाऊकच न्हवतं. त्या दिवशी तू नाव तरी सांगायचंस की.”

“तुम्ही विचारलं न्हाई,” मी म्हणालो.

“व्हय,” तो म्हणाला. “न्हाई विचारलं.”

त्यानं लायसन परत दिलं. मग गाडीत दोन माणसं जास्त होती त्याची रीतसर पावती फाडली, दंड घेतला आणि जा म्हणाला. मी जीपमध्ये बसलो. आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात सारखं येत होतं की आप्पा इतकं चालत गेले, चार परक्या माणसांत उभे राहून बोलले, आणि परत येऊन त्यांनी माझ्यासाठी नेहमीसारखी भाकरी थापली. कुठल्या दिवशी गेले असतील? मी मागचे सगळे दिवस आठवून बघितले, एकाही दिवशी मला त्यांच्यात काही वेगळं दिसलं नव्हतं.

त्या दिवशी मी लवकर घरी गेलो. आप्पा पाटावर बसायच्या बेतात होते. मी हात धुऊन समोर बसलो. त्यांनी मला वाढलं. मला वाटलं, आता सांगतील. अर्धी भाकरी संपली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेवटी मीच म्हणालो, “फौजदार भेटले होते.”

त्यांचा हात वाटीपाशी थांबला. “दंड केला?”

“केला.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. मग बराच वेळ चटणीत भाकरीचा तुकडा नुसताच फिरवत बसले. मान वर न करता त्यांनी विचारलं, “त्या दिवशी फार लागलं होतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी ठेवली, आणि मला भूक नव्हती तरी मी ती सगळी खाल्ली. पुढची कितीतरी वर्षं आम्ही दोघंच त्या घरात राहिलो. घरी कुणी आलं की आप्पा म्हणायचे, हा मिलिंद, माझा मुलगा, जीप चालवतो. पण त्या दिवसाविषयी आम्हा दोघांत झालेलं बोलणं एवढंच.